ताईंवर तीन मिनिटं बोलायचंय आणि तोंडातून शब्द फुटत नाहीये

सल्ला मागणारं एक पत्र आलंय, ते थोडक्यात असं. (नाव-गाव काढलंय, ओळख पटेल असे दोन-तीन तपशीलही बदललेत.)

लिहिणारी ३९ वर्षांची आहे, एका जिल्ह्याच्या गावी वाढली, आता पुण्यात नोकरी करते. सातव्या वर्षापासून चोविसाव्यापर्यंत एकाच ताईंकडे कथक शिकली, आठवड्यातून तीन दिवस, गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारदची परीक्षा पास झाली. मग लग्न ठरलं. क्लास सोडते हे सांगायला पेढे घेऊन गेली तेव्हा ताई सगळ्या पोरींसमोर म्हणाल्या, "लय हिच्या पायात आहे, कणा नाही." त्यानंतर ती क्लासच्या पायऱ्या परत चढली नाही. पंधरा वर्षं दर गुरुपौर्णिमेला एक मेसेज आणि त्याला उत्तर म्हणून हात जोडल्याचा इमोजी, एवढाच संबंध राहिला. दोन वर्षांपूर्वी ताईंचा एकदा फोन आला होता, ही मीटिंगमध्ये होती, कट केला, संध्याकाळी करू म्हणाली आणि राहून गेलं. मागच्या मार्गशीर्षात ताई गेल्या, ७४ व्या वर्षी. आता वर्ष होईल म्हणून जुन्या विद्यार्थिनी गावातल्या हॉलमध्ये कार्यक्रम करतायत. ग्रुपवर ६३ जणी आहेत आणि सगळ्यांचं ठरलंय की हिने तीन मिनिटं बोलायचं आणि विशारदच्या वेळी ताईंनी खास हिच्यासाठी बसवलेला धमार (चौदा मात्रांच्या तालातला नाच) करायचा. ग्रुपवर रोज 'साक्षात सरस्वती', 'आमची दुसरी आई' चाललेलं असतं, ते वाचून हिला रडूही येतं आणि रागही येतो. त्यात ताईंच्या मुलीने ताईंचे घुंगरू कुरिअरने हिलाच पाठवलेत, जुन्या साडीच्या तुकड्यात बांधून, वर चिठ्ठी. ते गाठोडं तीन आठवडे कपाटात पडून आहे. नवरा म्हणतो, पंधरा वर्षं भेटली नाहीस, आता कशाला रडतेस. तिचा प्रश्न असा: "मी नाच सोडला, भेटायला गेले नाही, फोन उचलला नाही. मला त्यांच्यावर बोलायचा हक्क तरी आहे का? आणि बोललेच तर खरं बोलू की सगळ्यांसारखं?"

अगं, मी तुला 'तू'च म्हणते, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची आहेस.

चार पानी पत्रात घुंगरांबद्दल जेमतेम चार ओळी आहेत, आणि त्यातली एक ओळ तू अशी लिहून पुढे गेलीयेस जसं काही कुरिअर किती वाजता आलं ते सांगतेस. 'चिठ्ठीवर माझं नाव होतं, ताईंच्या अक्षरात.' मुलीच्या अक्षरात नव्हे, ताईंच्या! म्हणजे हात चालत होता तेव्हा कधीतरी बसून त्यांनी तुझं माहेरचं नाव लिहिलं. आता यातून मी फार मोठा अर्थ काढणार नाही, वय झालं की माणसं निरवानिरव करायला लागतात, कदाचित वीस पोरींच्या नावाच्या वीस चिठ्ठ्या निघाल्या असतील, कुणाला समई कुणाला हार्मोनियम. पण निदान एवढं तरी कळतं की ज्या वस्तूला त्या रोज नमस्कार करून मग पायात बांधायच्या ती कुणाकडे जावी याचा विचार करताना तू त्यांच्या डोक्यात होतीस. मुलीला फोन करून सरळ विचार, आईने हे कधी लिहिलं, तेव्हा काही म्हणाल्या का. 'काही नाही म्हणाल्या' असं उत्तर आलं तर तेही ऐकून घ्यायची तयारी ठेव.

आता हक्काचं बघू. तुझ्या प्रश्नात एक गोष्ट तू आधीच धरून चालली आहेस, की ज्या शेवटपर्यंत क्लासला गेल्या, ज्यांनी हॉस्पिटलमध्ये रात्री काढल्या, दुःख करायचा अधिकार त्यांचा, आणि तू म्हणजे पाहुणी. मी जरा हिशोब केला. आठवड्याला तीन दिवस, सुट्ट्या सोडून वर्षाचे ४८ आठवडे, असं सतरा वर्षं, म्हणजे जवळजवळ अडीच हजार वेळा तू त्या माणसासमोर उभी राहिलीस. एवढ्या वेळा तर तू तुझ्या सख्ख्या मावशीलाही भेटली नसशील. आणि तूच लिहिलंयस की अजून सिग्नलला थांबलीस की अंगठा आपोआप बोटांच्या पेरांवर मात्रा मोजायला लागतो, ऑफिसच्या लिफ्टमध्ये बुटातल्या बुटात पाय 'ता थेई थेई तत्' करतो आणि शेजारचा माणूस बघतो. नाच सोडला म्हणतेस ना, मग हे काय आहे? तू क्लास सोडलास, कार्यक्रम सोडलेस, रियाज सोडलास, हे सगळं खरं. पण ताईंनी जे तुझ्या अंगात घातलं ते काढून ठेवायची सोयच नसते, ते काही लायब्ररीचं पुस्तक नाही.

राहिला प्रश्न हॉस्पिटलमध्ये रात्री काढणाऱ्यांचा. त्यांचं दुःख वेगळं, आणि त्यांना त्याचा मान द्यायलाच हवा. कार्यक्रमात पहिलं बोलायला त्यांच्यापैकी कुणीतरी असावं असं मला वाटतं, तू नंतर. यात तुझा हक्क कमी होत नाही, ही आपली साधी रीत झाली.

'कणा नाही' हे वाक्य. यावर मी बराच वेळ विचार केला, कारण इथे दोन सोपे रस्ते आहेत आणि मला दोन्ही पटत नाहीत. एक म्हणजे, जाऊ दे गं, गेल्या बिचाऱ्या, गुरूचं बोलणं म्हणजे आशीर्वादच. दुसरा म्हणजे, टॉक्सिक बाई होती, बरं झालं सोडलंस. जिल्ह्याच्या गावी चाळीस वर्षं क्लास चालवणाऱ्या बाईच्या जागी जरा उभी राहून बघ. सात वर्षांची पोर येते, तिचा पाय सरळ पडायला दोन वर्षं जातात, चक्कर न डगमगता घ्यायला अजून तीन, विशारदपर्यंत पोचणाऱ्या दहात एक-दोन, आणि नेमक्या त्याच वयात बावीस-तेवीस-चोवीसला इंजिनिअरिंग, नोकरी नाहीतर लग्न. तुझ्या आधी अशा किती गेल्या असतील. तू पेढे घेऊन गेलीस त्या दिवशी त्या सगळ्यांचा राग एकट्या तुझ्यावर निघाला असेल, हे मला समजतं. पण समजतं म्हणून ते बरोबर होत नाही. चोवीस वर्षांच्या मुलीला, तिने हातात पेढ्यांचा बॉक्स धरलेला असताना, बाकीच्या पोरींसमोर असं बोलणं चूकच होतं, त्या गेल्या तरी ते चूकच राहतं. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, ठीक आहे, पण खोटं बोलावं असं कुणी म्हटलेलं नाही.

आणि त्याच बाईंनी तुझ्या वडिलांचा कारखाना बंद पडला तेव्हा दीड वर्ष फी घेतली नाही आणि क्लासमध्ये कुणाला कळूही दिलं नाही, हेही तूच लिहिलंयस, दुसऱ्या पानावर. दोन्ही माणसं एकच. ग्रुपवरच्या 'साक्षात सरस्वती'चा तुला राग का येतो माहितीये? तुझ्या ताई त्यात सापडत नाहीत म्हणून. देवीला कुणी रागावत नाही, तिचा फोन कुणी कट करत नाही, तिच्याशी भांडण राहूच शकत नाही. तुझं तर राहिलंय.

फोनबद्दल मी तुला दिलासा देणार नाही. 'त्यांनी माफ केलं असेल' असं म्हणायला मला कुणी अधिकार दिला? त्या काय बोलणार होत्या ते आता कळणार नाही, गॅस सिलिंडरचा नंबर विचारणार होत्या की धमाराबद्दल काही, माहीत नाही. ही चुकचुक राहील. फक्त एक कर, त्या एका फोनला सतरा वर्षांच्या वरचढ ठेवू नकोस.

तर बोलायचं काय? विशेषणं गाळ. एकही नको. प्रेमळ, कडक, ऋषितुल्य, सगळं बाकीच्या ६२ जणी म्हणणार आहेत. तू तीन मिनिटांत एक गोष्ट सांग जी तू तुझ्या डोळ्यांनी बघितली. पत्रात तू सहज लिहून गेलीस की पढंत (हाताने ताल धरून नाचाचे बोल म्हणणं) सुरू करायच्या आधी ताई उजव्या हातातली पाटली काढून टेबलावर ठेवायच्या, टाळी वाजताना तिचा आवाज मध्ये येऊ नये म्हणून, आणि पाटली टेबलावर टेकल्याचा 'टक' आला की बाहेर चपला काढणाऱ्या पोरीसुद्धा गप्प व्हायच्या. झालं की! हे सांग. हॉलमधल्या अर्ध्या बायकांच्या कानात तो 'टक' वाजेल, खात्रीने सांगते. फीचं सांगायचं असेल तर वडिलांना आधी विचार, ते त्यांचंही गुपित आहे. कण्याचं वाक्य सांगायचं की नाही हे तुझ्यावर. मी तुझ्या जागी असते तर पहिल्या स्मृतिदिनाला, समोर मुलगी आणि नातवंडं बसलेली असताना, सांगितलं नसतं. 'आमचं शेवटचं बोलणं गोड झालं नाही, ते राहून गेलं' एवढं एक वाक्य म्हणाले असते. ते खरंही आहे आणि कुणाच्या अंगावरही जात नाही. बाकीचं घरी वहीत लिही, पूर्ण, कण्यासकट.

त्या मैत्रिणीचं लिहिलंयस ना, सावळी होती म्हणून ताईंनी तिला कधी राधा करू दिली नाही, कायम सखी नाहीतर कृष्ण, आणि ती ग्रुपवर नाहीये. ते तू स्टेजवरून बोलू नकोस, ती तिची गोष्ट आहे. पण तिला फोन कर. बोलावलंय का तिला कुणी, ते बघ. ती म्हणाली मला यायचं नाही, तर आग्रह नको, 'का नाही' म्हणून समजावणं तर नकोच नको. आपल्याकडच्या क्लासेसमध्ये हे रंगाचं प्रकरण इतकं झालंय की त्यावर वेगळं लिहायला हवं, आज राहू दे.

धमार करायचा की नाही. सरळ सांगते, करू नकोस. म्हणजे पूर्ण, घुंगरू बांधून, विशारदला केलास तसा. पंधरा वर्षांच्या गॅपनंतर सिमेंटच्या नाहीतर फरशीच्या स्टेजवर तत्कार (तालावरचं पायांचं काम) आणि चक्करदार परणी (तीनदा फिरून येणाऱ्या जोरकस रचना) करायला गेलीस तर टाच आणि गुडघा दोन्ही बोलायला लागतील, आणि त्याहून वाईट म्हणजे पुढचे तीन महिने तुझं सगळं लक्ष 'मला अजून जमतंय का' याच्यावर राहील, ताई राहतील बाजूला. हे म्हणजे पंधरा वर्षांनी परत परीक्षेला बसणं झालं, आणि परीक्षक तर नाहीयेत.

पण धमार सोडूही नकोस, कारण पत्रात तू हे लिहिलंयस की तो त्यांनी दुसऱ्या कुणाला बसवला नाही. म्हणजे त्या बंदिशी, ती उठान (सुरुवातीची रचना), शेवटची ती तिहाई (एकच तुकडा तीनदा घेऊन तालाच्या पहिल्या मात्रेवर, म्हणजे समेवर येणं) आज जगात कुणाच्या अंगात आहे? तुझ्या. आणि संगतीला बसलेल्या तबल्याच्या काकांच्या हातात, जे ८१ वर्षांचे आहेत. बस. इथे मला तंजावरची गोष्ट आठवते. आपले मराठी राजे होते तिथे, दुसरे सरफोजीराजे, १७९८ ते १८३२ गादीवर, त्यांनी नाचासाठी मराठीत निरूपणं (नाचायच्या पदांच्या मालिका) लिहिली. ती हस्तलिखितं तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात राहिली, आणि विसाव्या शतकात मुंबईच्या आचार्य पार्वतीकुमारांनी ती शोधून, त्यांचा अभ्यास करून भरतनाट्यममध्ये परत उभी केली. मोठंच काम. पण बघ, शब्द कागदावर होते म्हणून मिळाले. तेव्हाच्या नर्तकींचा पाय कसा पडायचा, मान कुठे वळायची, ते कागदावर नव्हतं, ते त्यांना नव्याने बसवावं लागलं. आणि याच्या उलट पुण्यात बघ, कथकगुरू रोहिणीताई भाट्यांनी १९४७ साली नृत्यभारती ही संस्था सुरू केली, २००८ मध्ये त्या गेल्या, आणि आजही त्यांच्या शिष्या आणि शिष्यांच्या शिष्या त्यांच्या रचना शिकवतायत, नाचतायत. कारण त्या पायांमधून पायांमध्ये गेल्या. तुझ्या ताई काही प्रसिद्ध नव्हत्या, त्यांच्यावर कुणी ग्रंथ लिहिणार नाही, त्यांचा धमार यूट्यूबवर नाही. तू विसरलीस की तो गेला, इतकं साधं आहे हे.

म्हणून माझं म्हणणं, तू पढंत कर. कथकात पढंत म्हणजे काही नाच न जमणाऱ्याची सोय नव्हे, हे तुला मी काय सांगायचं, बोल नीट पढता येणं हीच अर्धी तालीम. तू माईकपाशी बसून हाताने ताल धरून पढ आणि सध्या क्लासला जाणारी एखादी सतरा-अठरा वर्षांची मुलगी नाचू दे, तीन महिने आहेत, शनिवार-रविवार गावी जाऊन तिला शिकव. सगळा नाही झाला तर एक उठान, दोन परणी आणि ती तिहाई. तिहाईतही सगळं एकदम सांगू नकोस, एक पल्ला (तीनातला एक तुकडा) पक्का होऊ दे, मग तीनदा, मग समेवर. धमाराची समच मुळात अवघड, 'धा'सारखा दणका नाही, 'क'वर येते, बंद बोल, नवीन पोरीला वाटतं सम गेलीच की काय. तिला हे समजावताना तुझ्या तोंडून ताईंचीच वाक्यं बाहेर पडायला लागतील, आणि तेव्हा कदाचित तुला हेही कळेल की समोरची पोर चुकत असताना तोंडावर ताबा ठेवणं किती कठीण असतं.

आठवत नसेल काही तर? नसेलच, पंधरा वर्षं झाली. घाबरू नकोस, तुकडे जमव. अच्छन महाराज १९४७ मध्ये गेले तेव्हा त्यांचा मुलगा, पुढे कथकचे मोठे गुरू झालेले बिरजू महाराज, नऊ-दहा वर्षांचं पोर होते, वडिलांकडून जेवढं मिळालं तेवढं घेऊन पुढचं त्यांनी काकांकडून घेतलं, शंभू महाराज आणि लच्छू महाराजांकडून. आपली विद्या नेहमी अशीच आलीय, अर्धी इथून अर्धी तिथून. तू तबल्याच्या काकांकडे जा. हॉलचं बुकिंग, पत्रिकेचा रंग, स्मृतिचिन्ह द्यायचं का शाल, हे सगळं बाकीच्या बघतील, तू आधी काकांकडे जा. त्यांना ठेका धरायला सांग, क धि ट धि ट, धा ऽ, ग ति ट, ति ट ता ऽ, आणि तू आठवेल तेवढं म्हणत जा. जिथे अडकशील तिथे त्यांच्या हातातून निघेल, तबलजींचे हात पोरींच्या डोक्यापेक्षा जास्त लक्षात ठेवतात असा माझा अनुभव आहे (मीही सहा वर्षं नाचले आणि सोडलं, माझी गोष्ट परत कधीतरी).

हे करताना लिहून ठेव, आणि नीट लिही. चौदा चौकटी आखून प्रत्येक मात्रेखाली तिचा बोल, पाच-दोन-तीन-चार असे विभाग, सम आणि खालीची (जिथे टाळी नसते त्या मात्रेची) खूण, तिहाई कितव्या मात्रेपासून उठते ते. नुसत्या बोलांची ओळ लिहून ठेवली तर दोन वर्षांनी तुलाच कळणार नाही कुठे दुगुन (दुप्पट लय) होती. रेकॉर्डिंग करशील तेव्हा आधी नुसती पढंत टाळीसकट, मग लेहऱ्यावर (तालाबरोबर फिरत राहणाऱ्या धुनेवर), आणि मुलगी नाचेल तेव्हा फोन स्टँडला लाव आणि पाय फ्रेममध्ये येतायत ना बघ, लोक चेहरा घेतात आणि पाय कापतात, कथकाचा व्हिडिओ आणि पाय कापलेले! एकदा समोरून, एकदा बाजूने. सुरुवातीला तोंडाने बोल, ही रचना कुणाची, कुणाला कधी शिकवली, तबल्यावर कोण, आज तारीख काय. आणि ते ग्रुपवर टाकून मोकळी होऊ नकोस, तिथे व्हिडिओ दाबला जातो, खराब होतो आणि सहा महिन्यांत कुणीतरी फोन भरला म्हणून उडवतं. मूळ फाइल दोन-तीन ठिकाणी ठेव, एक ताईंच्या मुलीकडे दे.

कुणाकडे जुन्या कॅसेट असतील, असतातच, तर उत्साहाने माळ्यावरच्या टेपरेकॉर्डरमध्ये घालू नका. टेपला बुरशी धरलेली असते नाहीतर ती चिकटलेली असते आणि जुनी मशिनं टेप खातात, एकदा तुटली की संपलं. डिजिटल करून देणारे लोक असतात, थोडे पैसे जातात, ६३ जणींत काहीच नाही.

कार्यक्रमाबद्दल दोन गोष्टी, ग्रुपवर तुला सांगता येतील. घरचं वर्षश्राद्ध तिथीने असेल आणि तुमचा कार्यक्रम तारखेने, तर मुलीला आधी विचारा, तिच्या घरी त्या आठवड्यात काय काय असेल, आणि तिला स्टेजवर बसायचंय का खाली कोपऱ्यात, तेही तिलाच ठरवू द्या. दुसरं म्हणजे भाषणं आवरा. त्याऐवजी सुरुवातीला सगळ्या जणींनी, ज्यांना उभं राहता येतं त्यांनी, सलवार-कुर्त्यात, घुंगरू असले तर असले, दहा मिनिटं तत्कार करा. तीनताल, बराबर, दुगुन, चौगुन, पुन्हा बराबर. क्लास रोज जसा सुरू व्हायचा तसा. कुणी चुकेल, कुणाला दम लागेल, लागू दे. हारातल्या फोटोसमोर पाच जणी 'शब्द अपुरे पडतात' म्हणत असतात, त्यापेक्षा हे कितीतरी बरं, आणि तुझ्यासारख्या, सोडून गेल्या म्हणून मागच्या रांगेत तोंड लपवून बसणार आहेत, अशा डझनभर तरी असतील, त्यांनाही उठून उभं राहता येईल.

ग्रुपवर 'ताईंच्या रचना कुणी करायच्या, क्लासचं नाव कुणी लावायचं' अशी कुजबुज सुरू झालीय असंही तू लिहिलंयस. होणारच. एवढं माहीत असू दे की आपल्या कायद्यात नृत्यरचना लिहून किंवा रेकॉर्ड करून ठेवलेली असली तर तिला कॉपीराइट असतो, करणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, आणि तो वारसांकडे जातो, म्हणजे इथे मुलीकडे. पट्टशिष्या कोण यावरून भांडण्यापेक्षा तिच्याकडून सगळ्यांसाठी एक लेखी परवानगी घ्या, की कुणीही शिकवा, नाचा, फक्त दरवेळी रचना कुणाची ते सांगा. विषय संपला. क्लास कोण चालवणार हे जे रोज संध्याकाळी कुलूप उघडायला जाणार आहेत त्यांनी ठरवावं, पुण्यात बसून तू मत देऊ नकोस.

घुंगरांचं. गाठोडं सोडलंस की एकदम पायात बांधू नकोस. दोरी जुनी असेल तर घामाने कुजलेली असते, पहिल्याच ठेक्याला तुटून घुंगरू हॉलभर घरंगळतात आणि शेजारच्यांच्या पोरांना खेळ होतो. एका पायात किती आहेत ते मोज, ताईंचे शंभर-दीडशे असतील, तुला आता पन्नासच पुरे. ओवून देणारा शोध, प्रत्येक घुंगराला वेगळी गाठ मारून घे म्हणजे एक तुटला तर बाकीचे राहतात. हिरवट डाग आले असतील तर ते पितळ आहे, काळजी नाही, कोरड्या कापडाने पूस. जुनी दोरी मात्र टाकू नकोस, ओवणाऱ्यालाही आधी सांग, नाहीतर तो टाकून देतो. बांधायचे नसतील तर नको बांधू. किंवा अर्धे तू ठेव आणि अर्धे त्या सतरा वर्षांच्या पोरीला दे, धमार नीट आला तर. हे आपलं मला सुचलं म्हणून.

नवऱ्याला एवढंच सांग की भेटत नव्हते म्हणूनच रडतेय. जी रोज भेटायची तिचं सांगून-बोलून झालेलं असतं. पण तुझं जेवणखाण, झोप, ऑफिस ठीक चाललंय ना, पत्रात त्याबद्दल काही नाही म्हणून विचारते. तुझ्या बाबतीत नसेल, पण हे वाचणाऱ्या कुणाचं वर्ष उलटलं तरी रोजचं काहीच हातून होत नसेल तर डॉक्टरांना दाखवा, सरकारची टेलिमानस म्हणून मोफत हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीतही बोलतात. नाचाच्या बाईंसाठी एवढं कुणी रडतं का असं तिथे कुणी म्हणणार नाही.

आणि ज्यांच्या बाई, सर, उस्ताद, कुस्तीचे वस्ताद, कुणीही, अजून आहेत आणि ज्यांचा असाच एक फोन राहिलाय, त्यांनी हे पान बंद करून आधी तो लावा. माफी-बिफी मागायची गरज नाही, फोनवर तर मुळीच जमत नाही ते. 'त्या अमक्या तोड्याचा तिसरा बोल काय होता हो?' एवढं विचारा. पुढचं त्याच बोलतील, अर्धा तास.

तू ताईंच्या मुलीशी काय बोललीस आणि चिठ्ठी कधीची निघाली ते मला कळव. काकांकडे शनिवारी जाणार असशील तर आधी फोन करून जा, दुपारी दोन ते चार नको, झोपलेले असतात ही माणसं, आणि वही नेशील त्याबरोबर शिसपेन्सिल ने, पेन नको, पहिल्या खेपेला चौदा मात्रांचं गणित चुकणारच आहे.